सभासद उपस्थित नव्हते

"'नाव पुकारलं. सभासद उपस्थित नव्हते.' एवढंच आहे सर इथं," ती मुलगी म्हणाली आणि वहीतून मान वर करून तिनं गुलाबरावांकडं पाहिलं. तिच्या बघण्यात आरोप नव्हता. उमरग्याकडची होती, शिवम्मा नाव, घरात कानडी बोलणारी, औरंगाबादला विद्यापीठात एम. ए. करत होती आणि जिल्ह्यातल्या माजी खासदारांवर तिला प्रबंध लिहायचा होता. गेला तासभर ती शहाण्यासारखी एकेक प्रश्न विचारत होती, गुलाबराव उत्तरं देत होते आणि त्यांच्या पत्नी मालनबाईंनी आणलेला चहा दोघांच्याही पुढं गार होत होता. जन्म कुठला? तेरचा. शिक्षण? व्यवसाय? शिक्षक, नंतर सामाजिक कार्य. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिनं 'संसदीय कार्य' असं लिहिलेलं पान उघडलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून लोकसभेच्या कामकाजाच्या जाड खंडांतून तिनं स्वतःच्या हातानं उतरून आणलं होतं. प्रश्न विचारले एकतीस. भाषणं सात. विधेयक एक. मांडलं ऐंशी साली, चर्चेला नंबर लागला एक्याऐंशीच्या नोव्हेंबरात, शेवटच्या शुक्रवारी. आणि त्यापुढं ते वाक्य. गुलाबरावांना एकदम वाटलं की उस्मानाबादच्या या भाड्याच्या खोलीत, या खुर्चीवर, आत्ता आपण आहोत ते खरं नाही. कुणीतरी पुन्हा नाव पुकारतंय आणि आपल्याला 'आहे' म्हणता येत नाही.

"त्या दिवशी काही आजारपण होतं का सर?" मुलीनं विचारलं. विचारण्यात आदब होती. सुटकेचं दार तिनंच उघडून दिलं होतं, नुसतं आत जायचं होतं. "हो," गुलाबराव म्हणाले, "ताप होता." तिनं खाली मान घालून लिहिलं, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे'. तिचं अक्षर गोल, नेटकं होतं. ते शब्द कागदावर उतरताना गुलाबराव बघत राहिले. मग तिनं पान उलटलं. निवडणूक खर्च, आणि तो कुणी केला. सत्त्याहत्तरचा त्यांनी भडाभडा सांगितला, कारण तो सांगायला त्यांना नेहमीच आवडायचं. खडीकेंद्रावरच्या बायांनी चार-चार आणे दिले होते. लुगड्याच्या गाठी सोडून. एका पत्र्याच्या डब्यात ती नाणी घेऊन कार्यकर्ते सायकलवर यायचे, आणि डब्याचा आवाज आधी यायचा, माणूस मागाहून. अकरा हजार जमले होते. पडलो, पण पडल्याचं वाईट वाटलं नाही. मुलगी हसली, तिनं सगळं लिहून घेतलं. "आणि ऐंशीचा?" "ऐंशीचा हिशेब दिलेला आहे कलेक्टर कचेरीत," गुलाबराव म्हणाले, "तो बघा."

तो हिशेब त्यांनी स्वतः वाचलासुद्धा नव्हता, सही केली होती. ऐंशीच्या निवडणुकीत पैसा त्यांच्या हाताला कधी लागलाच नाही, हीच त्यातली खुबी होती. साखर कारखान्याचे चेअरमन आबाराव एका संध्याकाळी घरी आले, ओट्यावर मांडी घालून बसले, मालनबाईंच्या हातचा चहा बशीत ओतून प्याले आणि म्हणाले, "गुलाबराव, सीट राखीव हाय. कुनीतरी जानारच दिल्लीला. मग शिकलेला, आपल्या भागातला मानूस का जाऊ नये? तुमी फकस्त हात जोडून फिरा. बाकीचं आमच्यावर." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन जीपगाड्या उभ्या होत्या. मग अकरा झाल्या. डिझेल कारखान्याच्या पंपावर, जेवण कारखान्याच्या गेस्टहाऊसवर, पोस्टर सोलापुरात छापून आलेली. शेतकऱ्यांच्या उसाच्या बिलातून टनामागं काही पैसे 'विकास निधी' म्हणून कापले गेले, असं त्यांना फार नंतर कळलं. कळलं तेव्हा ते निवडून आलेले होते. आबारावांनी कधी काही मागितलं नाही. मागणारा माणूस असता तर त्याला नाही तरी म्हणता आलं असतं.

मुलगी निघाली. पायात चपला घालताना ती म्हणाली, "सर, मराठवाड्यातून मजुरांसाठी असं विधेयक आणणारे मला तरी तुम्हीच सापडलात. म्हणून वाईट वाटलं, त्या दिवशी तुम्ही आजारी पडलात त्याचं." ती गेली. मालनबाई कप उचलायला आल्या. एक कप त्यांनी दुसऱ्यात घातला. "ताप कुनाला व्हता?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "मी व्हते की तिथं, दिल्लीत. मीच तुमची बॅग भरली व्हती. सोलापूरच्या गाडीत बसवून आले तुमाला." आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या आत गेल्या आणि मोरीत भांड्यांचा आवाज सुरू झाला.

त्या बॅगेत मालनबाईंनी जाकीट ठेवलं होतं, पांढरं, इस्त्रीचं. फोन बुधवारी आला होता. "गुलाबराव, शुक्रवारी गळीत हंगाम सुरू करतोय," आबाराव म्हणाले होते, "पयली मोळी तुमच्याच हातनं टाकायची. समद्यांनी एकमतानं ठरवलंय." "शुक्रवारी माझं विधेयक आहे चेअरमनसाहेब." फोनवर थोडी खरखर झाली. "आसंल की. ते काय, पुढच्या शुक्रवारीबी घेत्यालच. मोळी काय पुन्ना पुन्ना टाकत न्हाईत." ते विधेयक काय आहे हे आबारावांना माहीत होतं. त्यांचा मेव्हणा तलावाची, कालव्याची कामं घ्यायचा. कामावर मजूर मेला तर हजेरीपटावर नाव असो की नसो, त्याच्या बाईला भरपाई मिळालीच पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. पण फोनवर त्याबद्दल एक शब्द निघाला नाही. दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनीही तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

नुसत्या भीतीनं गेलो असतो तर बरं होतं, असं गुलाबरावांना पुढं कितीदा वाटलं. भीती होतीच, तिकिटाची, जीपगाड्यांची. पण खरं म्हणजे त्यांना जायचं होतं. तेरला लहानपणी गुलाब बापाबरोबर चावडीवर जायचा तेव्हा बाप पायरीच्या खाली उभा राहायचा आणि गुलाबला आपल्याही मागं उभं करायचा. बापाच्या खांद्यावरच्या घोंगडीचा वास अजून नाकात होता. सहावीत असताना पाटलाच्या उसातलं एक टिपरू मोडून घेतलं म्हणून त्याच बापानं त्याला मारलं होतं, लोकांना दिसेल असं, रस्त्यात, म्हणजे पाटलाला वेगळं मारावं लागू नये. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा बाप नव्हता. मास्तर झाला तेव्हा गावचे लोक 'गुलाब मास्तर' म्हणू लागले, खडीकेंद्रावरच्या मजुरांची संघटना केली तेव्हा 'गुलाबभाऊ', आणि निवडून आल्यावर एका रात्रीत 'गुलाबराव साहेब'. आणि आता पाच हजार माणसांसमोर, सनईच्या सुरात, त्यांच्या हातानं उसाची पहिली मोळी कारखान्याच्या गव्हाणीत पडणार होती. सोलापूरच्या गाडीत रात्रभर त्यांना बापच दिसत होता, आणि त्यांनी स्वतःची समजूत घातली होती की हे आपण बापासाठी करतोय.

दुपारी दोन-अडीचला मोळी टाकली. ऊस गव्हाणीतल्या साखळीवर पडला, हलत हलत वर गेला, आत कुठंतरी करकरला, आणि टाळ्या झाल्या. गळ्यात हार एवढे होते की मान खाली करता येत नव्हती. आबारावांनी त्यांचा हात धरून वर केला. आणि तेव्हाच, गोड मळीचा वास छातीत भरलेला असताना, त्यांच्या मनात आलं होतं की आत्ता तिकडं सभागृह अर्धंमुर्धं भरलेलं असेल, पंखे नाहीत, थंडी आहे, आणि कुणीतरी इंग्रजीत आपलं नाव घेतंय. विचार आला आणि गेला. पुढचा शुक्रवार काही आला नाही. पुन्हा नंबर लागलाच नाही. चौऱ्याऐंशीला तिकीट दुसऱ्याला मिळालं. आबाराव तेव्हाही घरी आले होते, बशीत चहा ओतून प्याले होते, आणि म्हणाले होते, "वरचाच निर्णय हाय, गुलाबराव."

ऊन उतरल्यावर गुलाबराव चौकातल्या पोस्टापर्यंत चालत गेले. दोन वर्षं पाऊस नव्हता. रस्त्याकडेच्या लिंबाला धुळीचा थर होता, आणि नळाच्या तोटीखाली घागरींची रांग घरमालकाच्या फाटकापर्यंत आली होती. एका कार्डावर त्यांनी मुलीचा औरंगाबादचा पत्ता लिहिला. 'चि. शिवम्मा, ताप नव्हता. मी त्या दिवशी साखर कारखान्यावर मोळी टाकायला गेलो होतो. ऐंशीचा माझा खर्चही त्यांनीच केला होता. तसं लिहावे.' खाली सही केली. कार्ड पेटीत टाकताना त्यांना हलकं वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. घरी येऊन त्यांनी मालनबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "बरं केलं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "त्या पोरीला कळवलं. पन ज्या बाईसाठी ते केलं व्हतं तिला कधी सांगितलं का?"

बाईचं नाव विठाबाई. सास्तूरची. त्र्याहत्तरच्या दुष्काळात तिचा नवरा कोंडिबा पाझर तलावाच्या कामावर मुरूम खणत होता. वरचा थर सुटला आणि तो खाली सापडला. काढेपर्यंत सगळं संपलं होतं. पण त्या दिवशी कोंडिबा शेजाऱ्याच्या नावावर कामाला गेला होता. शेजारी तापानं पडलेला, आणि त्याची हजेरी बुडू नये म्हणून. हजेरीपटावर शेजाऱ्याचं नाव. म्हणजे कागदावर जो मेला तो घरी जिवंत होता, आणि जो मेला तो कामावर नव्हताच. विठाबाई सहा महिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. गुलाब मास्तर तिच्याबरोबर जायचे. याच एका खटपटीतून त्यांची नोकरी सुटली, संघटना झाली, सत्त्याहत्तरची निवडणूक झाली. सगळं तिथूनच निघालं होतं. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत ते तिच्या दारात गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीनं निघाले. तुळजापुरापर्यंत गाडी देवीच्या भक्तांनी भरलेली होती, कवड्यांच्या माळा, कुंकवाचे मळवट, कुणाच्या तरी टोपलीत कोंबडा. माजी खासदाराचा पास बघून कंडक्टरनं जागा करून दिली, नाव विचारलं नाही. तुळजापूरला गाडी बदलली आणि पुढं लोहाऱ्याकडं सगळा मुलूख रिकामा होत गेला. रानं उघडी पडलेली, विहिरींवर काटेरी फांद्या टाकलेल्या. काय सांगायचं ते गुलाबराव मनात जुळवत होते. भाषणासारखं होत होतं. त्यांनी ते मोडून पुन्हा जुळवलं. विठाबाई रडेल. किंवा शिव्या देईल. शिव्या दिल्या तर बरं, असं मध्येच त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्याचीही लाज वाटली.

विठाबाई घरीच होती. रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडताना कपची उडून तिच्या हाताला लागली होती, म्हणून तिला चार दिवस खाडा पडला होता. हाताला चिंधी बांधलेली. उंबऱ्यात बसून ती वाट बघत होती ती पाण्याच्या टँकरची. शेजारी तीन रिकाम्या घागरी होत्या. गुलाबराव समोर उभे राहिले तेव्हा तिनं कपाळावर हात धरून पाहिलं. "आगं बया, मास्तर?" ती म्हणाली, आणि मग जीभ चावून, "साहेब." "मास्तरच म्हण," गुलाबराव म्हणाले आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले. तिनं आत जाऊन तांब्यातलं शिल्लक पाणी आणलं. तळाचं होतं, गढूळ. त्यांनी ते प्यायलं.

"विठाबाई, मी एक सांगायला आलोय. तुझ्यासाठी मी दिल्लीत बिल मांडलं होतं."

"कंचं बिल? लाइटीचं?"

"न्हाय. कायदा. कोंडिबासारखा मानूस कामावर मेला तर हजेरीपटावर नाव नसलं तरी पैसे मिळावेत, असा. तो झाला न्हाय. ज्या दिवशी त्यावर बोलायचं होतं त्या दिवशी मी तिथं नव्हतो."

ती ऐकत होती. "कुठं व्हता?"

"कारखान्यावर. मोळी टाकायला."

विठाबाईनं मान हलवली, जशी ओळखीची गोष्ट निघाल्यावर हलवतात. "व्हय. म्या बघितलं तुमाला," ती म्हणाली. "त्या साली आमची टोळी तितंच व्हती, ऊसतोडीला. समद्यांला बोलावलं व्हतं बघाय. हारात निसतं तोंड दिसत व्हतं तुमचं. म्या शेजारनीला सांगितलं, आमचे मास्तर हायेत ते. लई बरं वाटलं बघा मला."

रागानं म्हणाली असती तर गुलाबरावांना सोपं गेलं असतं. ती चिंधी सावरत पुढं म्हणाली, "म्हनलं, आता भेटत्यालच तर फोटूचं इचारावं. पन पोलिसानं जवळ येऊ दिलं न्हाय. मग मुकादम वरडाय लागला, गेलो आमी फडात."

"फोटूचं?"

"ह्यांचा फोटू. तुमी नेला न्हवं का, दिल्लीत दावतो म्हनून."

आणि मग ते आठवलं. निवडून आल्यावर सास्तूरला सत्कार होता. सत्कारानंतर विठाबाईनं पेटीतून एक फोटो काढून आणला होता, तुळजापूरच्या यात्रेत काढलेला, कोंडिबाचा एकट्याचा. 'कुनासाठी मागताय ते तरी बघत्याल,' म्हणाली होती. गुलाबरावांनी तो खिशात ठेवला होता, परत आणून देतो म्हणून शब्द दिला होता, आणि दिल्लीला गेल्यावर विधेयकाच्या फायलीला टाचणीनं लावला होता. चर्चेच्या दिवशी तो हातात धरून उंच करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. टेबलावर भाषण लिहिताना महिनाभर तो समोर होता. आणि चौऱ्याऐंशीला दिल्लीतला फ्लॅट तीन दिवसांत रिकामा करायचा होता. मालनबाई भांडी बांधत होत्या. फायली त्यांनी स्वतः दारात आलेल्या रद्दीवाल्याला दिल्या होत्या, किलोवर, न बघता, कारण बघायची इच्छाच नव्हती. काल संध्याकाळी कार्ड लिहितानाही, आज गाडीत सगळं जुळवतानाही, तो फोटो त्यांना आठवला नव्हता. कबूल करायला निघालेल्या माणसाला आपण नेमकं काय कबूल करायचंय हेच माहीत नव्हतं.

"हरवला," ते म्हणाले. "माझ्या हातनं हरवला, विठाबाई."

रस्त्यावरून एक बैलगाडी रिकामीच गेली. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. "त्यो येकच व्हता," ती म्हणाली. मग ती त्यांच्याकडं वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, एक प्रकारची निकड होती, दवाखान्यात डॉक्टरला काही विचारताना असते तशी. "मास्तर, तुमी तर लई दिस बघितला आसंल त्यो फोटू. सांगा की. कसा दिसत व्हता त्यात?"

गुलाबरावांनी डोळे मिटले. मागचा रंगवलेला पडदा दिसला, निळं तळं आणि त्यात पांढरी बदकं. लाकडी स्टूल दिसलं, त्यावर कागदी फुलांचा गुच्छ. स्टुलावर टेकवलेला हात दिसला, जाड बोटं, कुणीतरी फोटोपुरतं दिलेलं मनगटी घड्याळ. फेट्याचा शेव खांद्यावर. नवं कोरं धोतर, घड्या न मोडलेलं. एवढं सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि फेट्याच्या खाली, सदऱ्याच्या गळ्याच्या वर, काही नव्हतं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मिशी होती का? डोळे कुठं बघत होते? त्या माणसासाठी त्यांनी नोकरी सोडली होती, त्याचं नाव शेकडो सभांत घेतलं होतं, लोकांना रडवलं होतं. खोटं सांगता आलं असतं. 'हसरा होता' म्हटलं असतं तर तिनं ते आयुष्यभर जपून ठेवलं असतं.

"न्हाय आठवत," ते म्हणाले. "बाकीचं सगळं आठवतंय. तोंड न्हाय आठवत."

विठाबाईनं हळूहळू मान डोलावली. "मलाबी न्हाय," ती म्हणाली. "आदी यायचं डोळ्याम्होरं. आता दोन-तीन सालं झाली, येतच न्हाय. म्हनून इचारलं."

दोघंही समोर बघत बसले. ऊन उंबऱ्यावर आलं होतं, पण कुणी सरकलं नाही. मग वेशीकडून टँकरचा हॉर्न ऐकू आला आणि गल्लीत एकदम पळापळ झाली, बाया, घागरी, कळशा. विठाबाई उठली. चिंधीचा हात छातीशी धरून दुसऱ्या हातानं तिनं एक घागर काखेत घेतली, दुसरी डोक्यावर ठेवली. तिसरी राहिली. गुलाबराव ती घ्यायला उठू लागले, तशी ती म्हणाली, "न्हाय, तुमी बसा मास्तर. दाराला कडी न्हाय, कुत्री शिरत्यात आत. म्या येईपतूर घराकडं ध्यान द्या."

ती गर्दीत दिसेनाशी झाली. गुलाबराव उंबऱ्यात बसून राहिले. दुपारची परतीची गाडी तेवढ्यात गावाच्या फाट्यावर येऊन, थोडा वेळ थांबून, निघून गेली. तिचा आवाज त्यांनी ऐकला, पण ते जागचे हलले नाहीत.